तेराव्या वर्षी मंदावलेला ब्रेस्टस्ट्रोक: तालुक्याच्या टँकवरचे एक प्रकरण

भंडारा-गोंदिया हा तलावांचा मुलूख. मालगुजारी तलाव आणि बोड्यांच्या (लहान तळ्यांच्या) काठची मुले सात-आठ वर्षांची झाली की पाण्यात उतरलेली असतात. ती पोहण्याच्या क्लबमध्ये येतात तेव्हा त्यांना पाण्याची भीती नसते, दम भरपूर असतो आणि पोहण्याच्या सवयी पक्क्या झालेल्या असतात. पहिल्या दोन गोष्टींच्या जोरावर ही मुले जिल्ह्यापर्यंत सहज जिंकतात. तिसरी गोष्ट बारा-तेरा वर्षांपर्यंत झाकलेली राहते आणि शरीर वाढायला लागले की अचानक उघडी पडते.

पुढचे प्रकरण अशाच वळणाचे आहे. शिकवण्याच्या सोयीसाठी ग्रामीण क्लबांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एका मुलीच्या रूपाने मांडल्या आहेत आणि आकडे त्या नमुन्याचे आहेत. वय, टँक आणि हंगाम पाहून ते आपापल्या क्लबला बेताने लावून घ्यावेत.

क्लब आणि मुलगी

भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा क्लब. टँक, म्हणजे पोहण्याचा बांधीव तलाव, उघडा, 25 मीटर लांब, 10 मीटर रुंद, चार लेनचा. उथळ बाजू 1.1 मीटर, खोल बाजू 2.1 मीटर. पाणी गरम करण्याची सोय नाही, त्यामुळे नोव्हेंबरअखेर टँक बंद होतो आणि मार्चमध्ये उघडतो. मुले चाळीस, प्रशिक्षक दोन, जीवरक्षक एक.

मुलगी 13 वर्षांची, आठवीत. गाव टँकपासून 14 किलोमीटरवर. पोहणे गावच्या तलावात शिकली, दहाव्या वर्षी क्लबमध्ये आली. मुख्य प्रकार 100 मीटर ब्रेस्ट, म्हणजे ब्रेस्टस्ट्रोक. मागच्या सप्टेंबरात शालेय स्पर्धेत 14 वर्षांखालील गटात जिल्ह्यात पहिली आली. त्याच महिन्यात क्लबच्या टँकमध्ये तिचे टायमिंग 1:38.6 होते. नागपूरच्या विभागीय स्पर्धेत मात्र ती डिस्क्वॉलिफाय झाली. कारण लिहिले होते: सिझर किक, म्हणजे पाय कात्रीसारखे चालवणे. क्लबमध्ये त्याचा अर्थ ‘पंच कडक होते’ असा लावला गेला आणि विषय तिथेच संपला.

मार्चमध्ये टँक उघडल्यावर ‘यंदा विभाग काढायचाच’ म्हणून तिचे अंतर वाढवले. दर सत्राला 2,200 मीटर होते ते 3,200 झाले. आठवड्याला सहा सत्रे, म्हणजे 19,200 मीटर. त्यात बोर्ड (हातात धरायची तरंगती फळी) धरून ब्रेस्ट किक दर सत्राला 800 मीटर. जुलैच्या मध्याला पुन्हा वेळ घेतली तर 1:40.9. डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखत होते. सकाळची उपस्थिती घसरली होती. वडिलांचे म्हणणे पडले की पोरगी ढिली झाली. क्लबमधला पहिला विचार होता अंतर 3,600 करण्याचा.

तो विचार थांबवून आठ दिवस फक्त मोजमाप करायचे ठरले, आणि या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय हाच आहे. बारा ते चौदा वयातले मूल मंदावले की प्रशिक्षकाचा हात आधी अंतराकडे जातो, कारण फळ्यावर बदलायला तेच सगळ्यात सोपे असते. त्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात: शरीर किती वाढले, स्ट्रोक कुठे बदलला आणि पाण्याबाहेरचे चोवीस तास कसे जात आहेत. तिन्हींना मिळून लागते ते एक मोजपट्टी, एक स्टॉपवॉच आणि आईशी निवांत बोलणे.

शरीराची वाढ

शाळेच्या आरोग्य तपासणीच्या नोंदीत मागच्या जूनची उंची 147 सेंटिमीटर होती. यंदा जुलैमध्ये 155.5 भरली. गेल्या तीन महिन्यांतच 2.4 सेंटिमीटर, म्हणजे वर्षाच्या हिशेबाने साडेनऊच्या वर. वर्षाला 7 सेंटिमीटरच्या पुढे वेग गेला की वाढीचा झपाटा सुरू आहे असे धरावे. मुलींमध्ये तो सरासरी बाराव्या वर्षाच्या आसपास येतो, मुलांमध्ये चौदाव्या. पण एकाच वर्गातल्या दोन मुलींत सहज दोन-तीन वर्षांचा फरक पडतो, म्हणून जन्मतारखेवर विसंबू नये.

उंची मोजताना पद्धत एकच ठेवावी. भिंतीला मोजपट्टी चिकटवलेली, पाय अनवाणी, टाचा, पार्श्वभाग आणि पाठ भिंतीला, नजर समोर, डोक्यावर काटकोनात पुठ्ठा किंवा लाकडी गुण्या. मोजणारी व्यक्ती तीच, वेळ सकाळचीच, कारण संध्याकाळपर्यंत माणूस अर्धा-एक सेंटिमीटर दबतो. अंतर तीन महिन्यांचे. दर आठवड्याला मोजले तर हाती फक्त मोजण्यातली चूक येते. शक्य असल्यास ठरावीक उंचीच्या स्टुलावर बसवून बैठी उंचीही घ्यावी. आधी पावले वाढतात, मग पाय, शेवटी धड. पावलांचा पत्ता घरच्यांना आधी लागलेला असतो. वर्षभरात चपलेचा नंबर किती वेळा बदलला, हा प्रश्न आईला विचारला की निम्मे उत्तर मिळते. या मुलीचा दोनदा बदलला होता.

हे आकडे वहीत राहावेत. भिंतीवर तक्ता लावू नये आणि मुलींचे वजन चारचौघांत तर कधीच करू नये. या वयात शरीरावरून झालेला एक शेरा मुलीला टँकपासून कायमचा दूर नेऊ शकतो.

वाढीच्या झपाट्यात हाडे आधी लांबतात आणि स्नायू मागून येतात. काही महिने पोटऱ्या, मांडीचा आतला भाग आणि कमरेपुढचे स्नायू ताठ राहतात. ब्रेस्टमध्ये याचा थेट फटका बसतो, कारण किकचा जोर पाऊल घोट्यात वर ओढून बाहेर वळवण्यावर असतो. घोटा साध्या चाचणीने पाहता येतो: भिंतीसमोर पाऊल ठेवायचे, टाच जमिनीला चिकटलेली ठेवून गुडघा भिंतीला लावायचा आणि अंगठा भिंतीपासून किती दूर नेता येतो ते मोजायचे. दहा सेंटिमीटरच्या आसपास असले तर ठीक. हिचा उजवा 9 भरला, डावा 6.

स्ट्रोकमध्ये काय बदलले

इथे मुक्काम थोडा लांबवायला हवा, कारण बहुतेक क्लबांत फक्त शेवटचे टायमिंग लिहिले जाते आणि त्यातून काहीच कळत नाही. दर 25 मीटरला वेळ, स्ट्रोकची संख्या, टर्ननंतर डोके किती मीटरवर वर आले आणि तीन पूर्ण स्ट्रोकना लागलेला वेळ, एवढे चार आकडे हवेत. वेळ एका माणसाने घ्यावी, स्ट्रोक दुसऱ्याने मोजावेत. दोन्ही एकट्याने केले की दोन्ही चुकतात. डोके कुठे वर येते ते पाहण्यासाठी टँकच्या काठावर दर मीटरला ऑइल पेंटची खूण पुरते.

मागच्या सप्टेंबरातले टप्पे होते 21.6, 25.2, 26.0, 25.8. यंदा जुलैत 21.9, 25.6, 26.9, 26.5. पहिल्या 25 मीटरला डाईव्हचा वेग असतो, तिथे फारसे गेलेले नाही. खरे नुकसान शेवटच्या दोन लॅपमध्ये आहे. मागच्या वर्षी तिसऱ्या लॅपला 13 स्ट्रोक होते, यंदा 16. पुश-ऑफनंतर (भिंतीला पायांनी ढकलून निघाल्यावर) ती 6 मीटरवर वर येत होती, आता साडेचारवर येते. तीन स्ट्रोकना 4.5 सेकंद लागत, आता 4.1 लागतात.

हिशेब मांडून पाहा. पूर्वी पृष्ठभागावर 19 मीटर तेरा स्ट्रोकमध्ये, म्हणजे दर स्ट्रोकला जवळजवळ 1.46 मीटर. आता साडेवीस मीटर सोळा स्ट्रोकमध्ये, म्हणजे 1.28. मिनिटाला 40 स्ट्रोकचे 44 झाले आणि तरी वेग घटला. ढिली पडलेली मुलगी स्ट्रोक वाढवत नाही. ही मुलगी आधीपेक्षा जास्त राबत होती आणि दर स्ट्रोकला कमी सरकत होती. हा कागद वडिलांसमोर ठेवल्यावर ‘ढिली’ हा शब्द पुन्हा निघाला नाही.

कारण मागून पाहिल्यावर सापडले. काठावर एक मीटर उंचीवरून, ती दूर जात असताना, मोबाइलवर चित्रण केले. आई शेजारी उभी होती, चित्रण आईच्याच मोबाइलवर केले आणि पाहून झाल्यावर पुसले. मुलांच्या चित्रणाचा एवढा नियम प्रत्येक क्लबने पाळावा. चित्रात दिसले ते असे: उजवे पाऊल बाहेर वळून पाणी मागे ढकलते; डावे पाऊल ताणलेलेच राहते आणि पावलाच्या वरच्या बाजूने पाणी कापते. डावी कंबर खाली जाते. तलावात डोके वर ठेवून, एका अंगावर झुकून, काठाकडे बघत पोहण्याची ही जुनी सवय. तसे पोहताना कात्रीसारखे पाय उपयोगी पडतात. ब्रेस्टच्या नियमात मात्र जोर लावताना दोन्ही पावले बाहेर वळलेली हवीत आणि दोन्ही पायांची हालचाल एकाच वेळी, एकाच पातळीत हवी. मागच्या वर्षी पंचांनी बरोबर पाहिले होते.

लहानपणी लवचीक घोट्यामुळे डावे पाऊल निदान अर्धे वळत होते. उंची वाढली, पोटरी ताठ झाली आणि ते वळायचेच थांबले. त्यात बोर्ड धरून रोज 800 मीटर किक. बोर्डवर डोके वर राहते, कंबर बुडते, मांड्या पोटाखाली ओढल्या जातात आणि चुकीची किक हजार वेळा गिरवली जाते. गुडघ्याच्या आतल्या बाजूचे दुखणेही त्यातलेच. ब्रेस्टच्या किकमध्ये आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर ताण येतो. याच वयात गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडावरच्या उंचवट्यावर दुखणारी मुलेही असतात. ते दुखणे वेगळे, उड्या आणि धावण्याशी जोडलेले. दुखण्याची जागा मुलाला एका बोटाने दाखवायला सांगावी.

चोवीस तासांचा हिशेब

जुलै म्हणजे रोवणीचे, धान लावणीचे दिवस. आई-वडील पहाटेच बांधीत (धानाच्या शेतात) जातात. घरचा स्वयंपाक, धाकट्या भावाची शाळेची तयारी मुलीकडे येते. आईने सांगितले ते एवढेच: “रोवण्यात सापडलो जी सर. सकाळी पोरीले कोन पाठवीन?” उपस्थिती घसरण्याचे कारण या वाक्यात आले. शालेय स्पर्धांची तयारी आणि रोवणी एकमेकांवर येतात, हे धानपट्ट्यातल्या क्लबला दरवर्षी आधीच ठाऊक असायला हवे.

झोपेचा हिशेब आणखी वाईट निघाला. पावणेसहाच्या सत्रासाठी साडेचारला उठायचे, रात्री साडेदहाला अंग टाकायचे: सहा तास. तेरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास हवेत. सरावानंतर खाणे म्हणजे चहा आणि बिस्किट. पहिले नीट जेवण शाळेच्या मधल्या सुट्टीत.

मुलीला सहा महिन्यांपूर्वी पाळी सुरू झाली होती. हे बोलणे क्लबच्या महिला स्वयंसेवकाने आईसमोर केले; पुरुष प्रशिक्षकाने ते स्वतःकडे घेऊ नये. त्या चार-पाच दिवसांत पाण्यात यायचे की नाही हे मुलीने ठरवावे; तिला कारण विचारले जाऊ नये आणि गैरहजेरीही लागू नये. कपडे बदलायला कडी लागणारी खोली आणि झाकणाचा कचरा डबा नसेल, तर मुली याच वर्षी क्लब सोडतात.

प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन तपासण्या झाल्या. हिमोग्लोबिन 11.1 आले; 12 ते 14 वयात 12 च्या खाली म्हणजे रक्तक्षय. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती पोटात मळमळते म्हणून घेत नव्हती. दुसरी तपासणी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची, जी पूर्व विदर्भात प्रत्येक क्लबने प्रवेशाच्या वेळीच करून घ्यावी. हिची निगेटिव्ह आली. मूल वाहक निघाले तर खेळ बंद करायचा नसतो. पण उन्हाळ्यात पाणी पाजणे, भार हळूहळू वाढवणे आणि दमल्यावर थांबू देणे यात कसूर चालत नाही. सिकलसेलग्रस्त मुलाला गार पाण्यानेही वेदनेचा झटका येऊ शकतो, तिथे निर्णय डॉक्टरांचाच. लोहाचा डोसही डॉक्टरांनीच ठरवावा.

जेवणात बदल घरात असेल त्यातून केले. सत्र संपल्यावर अर्ध्या तासात मूठभर फुटाणे, गूळ आणि एक केळे; आठवड्यातून चार दिवस दोन उकडलेली अंडी; वरण-भाताबरोबर अंबाडी किंवा दुसरी पालेभाजी आणि लिंबाची फोड. चहा जेवणापासून तासभर लांब, कारण चहामुळे अन्नातले लोह कमी शोषले जाते. महागडे पावडरचे डबे लागत नाहीत आणि प्रशिक्षकाने ते सुचवूही नयेत.

चौदा आठवड्यांचा आराखडा

सहा सत्रांची पाच केली: चार सकाळी, एक रविवारी उशिरा. सुरुवात पावणेसहाऐवजी साडेसहाला, म्हणजे पाऊण तास झोप वाढली. रात्री साडेनऊला अंथरुणावर, ही जबाबदारी आईने घेतली. अंतर 3,200 वरून 1,800 वर आणले. ते ऐकून वडील आणि शाळेचे क्रीडाशिक्षक दोघेही अस्वस्थ झाले. दहावीच्या क्रीडागुणांचा विचार ग्रामीण घरात खरा असतो, त्याला कमी लेखू नये. त्यांना मुदत सांगितली: आठव्या आठवड्यात पुन्हा वेळ घेऊ, तोपर्यंत आकड्यांवर वाद नको.

पहिले दोन आठवडे ब्रेस्टची किक पूर्ण बंद. फ्रीस्टाइल (फ्री), बॅकस्ट्रोक (बॅक) आणि पायांमध्ये पुल बॉय (तरंगता ठोकळा) धरून फक्त हातांचे ब्रेस्ट. तिसऱ्या आठवड्यापासून किक परत आली, पण बोर्डशिवाय आणि दर सत्राला 200 मीटरच्या आत. दुखण्याला शून्य ते दहा गुण द्यायला मुलीला शिकवले. दोनपर्यंत सेट चालू. तीन आले की त्या दिवसाची किक बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखत असेल तर पुढच्या सत्रात निम्मी. सूज किंवा लंगडणे दिसले तर थेट डॉक्टर.

चौथ्या ते आठव्या आठवड्यातले नमुना सत्र असे होते. वॉर्म-अपला 200 फ्री, 100 बॅक आणि 4×25 ड्रिल (तंत्राचा सराव). मग 8×25 ब्रेस्ट किक पाठीवर: हात मांड्यांशी, गुडघे पाण्याबाहेर येऊ द्यायचे नाहीत, टाचा पार्श्वभागाकडे आणायच्या, अंगठे बाहेर वळल्याशिवाय ढकलायचे नाही, मध्ये 20 सेकंद विश्रांती. त्यानंतर 8×25 दोन किक-एक पुल (हातांचा एक ओढा), दर लॅपला स्ट्रोक मोजून, 25 सेकंद विश्रांती. टर्नसाठी सुमारे 100 मीटर: भिंतीपासून पाच मीटरवरून यायचे, दोन्ही हात एकाच वेळी लावायचे, पुल-आउट (पाण्याखालचा एक स्ट्रोक) करून दहा मीटरपर्यंत जायचे. मग 6×100 फ्री, 15 सेकंद विश्रांतीने. शेवटी 4 वेळा 12.5 मीटर पूर्ण वेगाने आणि उरलेला अर्धा लॅप सावकाश. 200 मीटर सहज पोहून समाप्ती.

सहा वेळा 100 चा वेग अंदाजाने ठरवलेला नव्हता. 400 मीटर फ्रीला तिला 6:40 लागले, 200 ला 3:10. दोन्ही वेळांतला फरक 210 सेकंद, अंतरातला फरक 200 मीटर; म्हणजे 100 मीटरला 1:45. या वेगाने दम वाढतो आणि स्ट्रोक मोडत नाही. क्लबमध्ये याआधी हाच सेट 1:35 ने घेतला जात होता, जो तिच्या 200 मीटर शर्यतीचा वेग होता. मुले पहिले दोन शंभर तसे पोहतात आणि उरलेल्या चारमध्ये जमेल तसे हातपाय मारतात.

किकच्या दुरुस्तीत सगळ्यात गुणकारी ठरली ती खोल बाजूला उभी किक. हात छातीशी घडी घालून, हनुवटी पाण्यावर ठेवून, सहा वेळा 15 सेकंद. पाऊल वळले नाही तर माणूस खाली जातो, त्यामुळे प्रशिक्षकाला ओरडावे लागत नाही. ही ड्रिल जीवरक्षक समोर असतानाच घ्यावी. त्यापुढे चार किक फक्त डाव्या पायाने, चार फक्त उजव्या, मग चार दोन्ही. पाऊल हाताने धरून वळवून दाखवण्याचा मोह टाळावा. काठावर बसवून, मुलीनेच स्वतःचे पाऊल हाताने वळवून तो ताण अनुभवावा. किंवा दुसऱ्या मुलीने दाखवावे.

कोरडा व्यायाम घरी, रोज बारा मिनिटे: भिंतीला हात लावून पोटरीचा ताण प्रत्येक पायाला 30 सेकंद तीन वेळा, टाचा टेकवून उकिडवे बसणे एक मिनिट दोनदा, पाठीवर झोपून कंबर उचलणे 12 चे दोन सेट, कोपरांवर प्लँक 20 सेकंद तीनदा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुडघ्यांच्या वर बांधून आडवे चालणे, दहा पावले इकडे, दहा तिकडे. रोवणीच्या शेवटच्या टप्प्यात ती नऊ दिवस टँकवर येऊ शकली नाही. त्या दिवसांत एवढाच व्यायाम चालू राहिला. परतल्यावर बुडालेले मीटर भरून काढले नाहीत. पहिली दोन सत्रे 1,200 ची ठेवली.

पाचव्या आठवड्यात जुनी किक परत आली. नेहमी सत्राच्या शेवटी, दमल्यावर. तेव्हापासून नियम ठरला: डावे पाऊल मोडले की सेट तिथेच थांबवायचा आणि उरलेले अंतर फ्रीने पूर्ण करायचे. यात शिक्षेचा भाव येऊ देऊ नये. थकलेल्या शरीराने गिरवलेली चूक ताज्या शरीराने केलेल्या दुरुस्तीवर पाणी फिरवते.

पुल-आउटचा क्रम वेगळा बसवला: पुश-ऑफ, शरीर सरळ ताणलेले, एक फ्लाय किक (दोन्ही पाय जोडून मारलेली बटरफ्लायची किक), हात मांडीपर्यंत, एक क्षण सरकणे, हात छातीजवळून पुढे, ब्रेस्ट किक, मग वर. एकच फ्लाय किक चालते आणि ती पहिल्या ब्रेस्ट किकच्या आधीच हवी. ती साडेचार मीटरवर वर येत होती, कारण श्वास पुरत नव्हता. आणि श्वास पुरत नव्हता, कारण भिंतीला हात लावताना ती श्वास सोडत नव्हती. ही गोष्ट काठावरून दिसत नाही. प्रशिक्षकाने गॉगल लावून पाण्यात उतरावे लागते.

डाईव्ह फक्त खोल बाजूने. स्टार्टिंग ब्लॉक असलेल्या बाजूला भिंतीपासून 1 ते 6 मीटरपर्यंत किमान 1.35 मीटर खोली असावी असा आंतरराष्ट्रीय नियम आहे; 1.1 मीटरच्या उथळ बाजूने डाईव्ह घेऊ देणे म्हणजे मान मोडण्याचा धोका पत्करणे.

काय हाती आले

आठव्या आठवड्यात 1:39.4. तिसऱ्या लॅपला 15 स्ट्रोक, साडेपाच मीटरवर डोके वर. जिल्हा स्पर्धा त्याच सुमारास आली. तिला सूचना एकच होती: किक स्वच्छ ठेव, वेळेचे आम्ही पाहू. ती दुसरी आली. घरी ते पराभवासारखे वाटले, कारण मागच्या वर्षीचा पहिला क्रमांक गेला. पण पंचांच्या कागदावर तिच्या नावापुढे काही नव्हते आणि पहिल्या दोघींना विभागात जायचे होते.

चौदाव्या आठवड्यात, ऑक्टोबरअखेर, क्लबच्या टँकमध्ये 1:36.9. टप्पे 21.3, 24.9, 25.6, 25.1. तिसऱ्या लॅपला 14 स्ट्रोक, साडेसहा मीटरवर डोके वर. डावा घोटा 8.5 सेंटिमीटर, गुडघ्याचे दुखणे शून्य ते एक. हिमोग्लोबिन 12.2. यातला किती वाटा किकचा, किती झोपेचा, किती लोहाचा, हे वेगळे काढता येत नाही, कारण सगळे एकाच वेळी बदलले. क्लबला त्याची गरजही नव्हती.

त्याच आठवड्यातल्या विभागीय स्पर्धेत 50 मीटरच्या टँकमध्ये तिला 1:41.8 लागले. पाचवा क्रमांक, डिस्क्वॉलिफाय नाही. क्लबच्या वेळेपेक्षा जवळजवळ पाच सेकंद जास्त का, हा प्रश्न घरी लगेच आला. 25 मीटरच्या टँकमध्ये तीन टर्न मिळतात, 50 च्या टँकमध्ये एकच. दोन पुश-ऑफ आणि दोन पुल-आउटचा वेग गेला. ही तूट काही अंशी सरावात भरता येते: भिंतीच्या पाच मीटर आधीच, काहीही न धरता, पाण्यातच वळायचे आणि उलट पोहायचे. आठवड्यातून दोनदा 4×50 असे घेतले की पायांना भिंतीविना वेग धरायची सवय लागते. हे यंदा बाराव्या आठवड्यात सुरू झाले. सातव्या आठवड्यात सुरू व्हायला हवे होते.

पुढच्या मार्चपर्यंत

डिसेंबर-जानेवारीत या भागात रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो आणि उघड्या टँकचे पाणी सरावाच्या कामाचे राहत नाही. तीन महिने पाणी नाही, हे गृहीत धरून घरचा व्यायाम वीस मिनिटांवर नेला, आठवड्यातून तीन दिवस 20 ते 25 मिनिटे सहज धावणे ठरले आणि घोट्याची चाचणी महिन्यातून एकदा. गावच्या तलावात ती उतरणारच. तिथे डोके वर ठेवून पोहायला हरकत नाही, पण एकटीने उतरायचे नाही. शेततळ्यात तर नाहीच: प्लास्टिकच्या अस्तरावर पाय टिकत नाही आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही.

उन्हाळ्याचे वेळापत्रक आधीच बदलून ठेवले आहे. मे महिन्यात हवा 45 अंशांपर्यंत जाते आणि टँकचे पाणी पहाटेसुद्धा कोमट असते. स्पर्धेच्या टँकचे पाणी 25 ते 28 अंश असावे लागते आणि 31 च्या वर खुल्या पाण्यातली शर्यत घेतली जात नाही. म्हणून पाण्यात तापमापी सोडायची. 31 च्या पुढे गेले की लांब सेट रद्द, फक्त ड्रिल, टर्न आणि 12.5 मीटरचे वेग, दर पंधरा मिनिटांनी दोन घोट पाणी. उन्हाळी शिबिराच्या गर्दीत स्पर्धक मुलांची लेन सकाळी सातपर्यंतच राखून ठेवली आहे.

उंचीची पुढची नोंद फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. तीन महिन्यांत वाढ दीड सेंटिमीटरपेक्षा कमी भरली तर मार्चमध्ये 2,000 मीटरने सुरुवात आणि मे संपेपर्यंत 2,400. जास्त भरली तर 1,800 वरच. दोन्ही बाबतीत पहिले तीन आठवडे ब्रेस्टची किक दर सत्राला 200 मीटरच्या आत, बोर्डशिवाय. क्लबमधल्या 11 ते 14 वयाच्या इतर नऊ मुलामुलींच्या नावाने अशीच एक-एक वही उघडली आहे आणि त्यांच्या घरी रोवणीच्या तारखा जूनमध्येच विचारायच्या आहेत.